पेटीवर ठेवलेलं मत

"दाखव," खोतांचा कारभारी म्हणाला. "मत कसं दिलंस ते सगळ्यांसमोर करून दाखव."

आपल्या खळ्यात रॉकेलचा रिकामा डबा ठेवला होता. वरच्या पत्र्याला कोयतीने फट पाडली होती, घडीचा कागद जाईल एवढी. वाडीतले बाप्ये कडेने बसले होते. आम्ही बायका पडवीत, एकमेकींच्या मागे. कारभाऱ्याने तुझ्या हातात विडीच्या पुड्याचा कागद दिला. तू पुढे झालीस. कागद डब्यावर ठेवलास, अगदी फटीला लागून. वर एक खडा ठेवलास आणि हात जोडलेस.

बाप्ये हसले. मग थोरले भावोजी, तुझे मालक, उठले आणि त्यांनी तुझ्या कानाखाली मारली, तेव्हा हसणं थांबलं. तू पदर सावरलास आणि कारभाऱ्याला विचारलंस, "चुकलं काय?"

आक्का, तुला जाऊन अजून तेरावंही झालेलं नाही. तुझा विलास अस्थी घेऊन गावी गेला आहे. आणि मला तुझं दुसरं काही आठवत नाही, तो डबाच दिसतो. माणूस गेलं की चांगलं तेवढं बोलावं म्हणतात. मला जमत नाही. तू मला एक विचारलं होतंस आणि मी उत्तर दिलं नाही. तुझी सून म्हणते, जे बोलायचं राहिलं ते लिहून काढा, काकी. मी चौथी शिकले. लिहायला येतं. म्हणून लिहिते.

ती सत्तावन्न सालची दिल्लीची, लोकसभेची निवडणूक होती. मतदार यादीत मला एकवीस वर्षांची लावलं होतं. होते मी अठराची, लग्न होऊन वर्ष झालेलं. दिल्ली कुठे आहे ते मला माहीत नव्हतं आणि खरं सांगायचं तर तुलाही नव्हतं. खोतांचा पुतण्या उभा होता, एवढं माहीत होतं. त्याची खूण होती तराजू. त्याच्यासमोर चिपळूणकडचा कोणी वकील होता, त्याची सायकल. आपल्या वाडीत सायकल कुणी पाहिली नव्हती. बायका म्हणायच्या, हे दोन चाकांचं रहाट कसलं?

निवडणूक दिल्लीची असली तरी आपल्या वाडीत ती पाण्याची होती. कूळकायद्याचं बोलणं सुरू झालं आणि खोतांनी आगरातून झऱ्याकडे जाणारी वाट बंद केली. दगडी गडग्यावर काटी टाकली. तेव्हापासून आपण कड्याखालच्या पऱ्यावर, ओढ्यावर जात होतो. उतरताना हाताने धरावं तर कळशी सुटायची, कळशी धरावी तर पाय सुटायचा. खोतांनी निरोप धाडला, वाडीची मतं तराजूला पडली तर वाट मोकळी करू.

बाप्यांनी देवळात नारळ ठेवला आणि गाऱ्हाणं घातलं. ह्या वाडीतलं एक पण मत दुसऱ्याच्या पेटीत पडणार नाय. पडलं तर पाडणाऱ्याच्या घरात पाळणा हलणार नाय. आपल्याला कुणी विचारलं नाही. आपली मतं त्यांनी आपल्याच पाळण्यावर तारण ठेवली आणि घरी येऊन जेवले.

मतदान शेजारच्या गावच्या शाळेत. बायकांची रांग वेगळी. आजच्यासारखं बटण नव्हतं, शिक्काही नव्हता. बोटाला शाई लावून एक कागद द्यायचे. पडद्याआड प्रत्येक उमेदवाराची वेगळी लोखंडी पेटी, पेटीवर त्याची खूण चिकटवलेली. ज्याला द्यायचं त्याच्या पेटीत कागद टाकायचा. तू थोरल्या घरची सून म्हणून सगळ्यात पुढे. आत जाऊन आलीस आणि रांगेजवळून जाताना आम्हाला हळूच म्हणालीस, "तराजूच्या पेटीवर ठेवायचं. मी सुपारी ठेवून आले आहे, तिच्याखाली सरकवा, वाऱ्याने उडायला नको. नमस्कार करा आणि या."

मी आत गेले तेव्हा तुझ्या सुपारीखाली बायकांचे कागद होतेच. म्हणून मला शंका आली नाही. देवापुढे आपण ठेवतो, देवाच्या तोंडात कोंबत नाही. मला ते बरोबर वाटलं. सगळ्यांना वाटलं. पेटीला फट होती ती मला दिसलीसुद्धा नाही.

मतदान संपल्यावर पडदा काढला तेव्हा साहेबाने ते कागद बाजूला काढले. पेटीत पडलं तेच मत, बाहेरचं कुणाचंच नाही, असा कायदा. खोतांचा माणूस तिथेच बसला होता, त्याने बघितलं. पण निकाल लागेपर्यंत कुणी काही बोललं नाही. पुतण्या निवडून आला असता तर हसण्यावारी गेलं असतं. तो पडला. चांगला आपटला. आपले कागद धरले असते तरी पडलाच असता, वकिलाला तालुकेच्या तालुके मिळाले होते. पण खोतांना हिशेब नको होता. त्यांना एवढंच दिसलं की वाडीतल्या बाईमाणसाचं एकही मत आपल्या पेटीत नाही. वाट बंदच राहिली.

त्यानंतर तुझं नाव पेटीवाली पडलं. लग्नात, बारशाला, कुठेही गेलीस की कोणीतरी म्हणायचं, "पेटीवाली आली, पानसुपारी सांभाळा." बाप्ये तुला बघून उगाच हात जोडायचे. भावोजी मरेपर्यंत तुला गाढव म्हणाले. जेवायला वाढतानाही म्हणायचे, "ताटात वाढ हो, ताटावर नको ठेवू." तू खाली मान घालून वाढायचीस. मला तुझी दया यायची. अडाणी बाई, चुकली, किती वर्षं ऐकून घेते, असं मला वाटायचं. अडाणी आम्ही सगळ्याच होतो, पण मार तुला पडला.

आणि मी पाणी आणत राहिले. निकालानंतरच्या तिसऱ्या उन्हाळ्यात मला सातवा महिना होता. कड्यावर पाय सुटला. कळशी खाली पऱ्यात गेली, मी मध्ये झाडाला अडकले. घरी आणलं आणि संध्याकाळी ती मेलेलीच झाली. मुलगी होती. सगळं तूच केलंस. तूच नाळ कापलीस, तूच फडक्यात गुंडाळलीस. मला तोंड बघू दिलं नाहीस. म्हणालीस, "बघू नको गो बाय, बघितलंस की विसरणार नाहीस." मी बघितलं नाही आणि विसरलेही नाही.

त्यानंतर पुन्हा मला तू त्या कड्यावर जाऊ दिलं नाहीस. माझ्या सुनीलच्या वेळेला नाही, आणि तो मोठा झाल्यावरही नाही. तुझी कळशी आणि माझी कळशी, दोन्ही तू आणायचीस. मी भांडायचे, तू ऐकायची नाहीस. गावात नळ आला तोवर तुझी मान एका बाजूला कलली होती, ती शेवटपर्यंत तशीच राहिली. मी सगळ्यांना सांगायचे, आई करणार नाही एवढं माझ्या जावेने केलं.

मग आपली माणसं गेली. विलास बहरीनला विमानतळावर लागला होता, त्याने सुनीलला बोलावून घेतलं, आणि म्हाताऱ्या झाल्यावर दोघांनी आपल्या दोघींना. तू अरादला, मी माहूजला. शुक्रवारी मुलं आपल्याला भेटवायची. पहिल्या शुक्रवारी तुझ्या दारात पाणीवाला आला. खांद्यावर पाण्याचा एवढा मोठा बाटला. त्याने तो आत आणून ठेवला, "खलास, अम्मा" म्हणाला आणि गेला. आपण दोघी त्या बाटल्याकडे बघत बसलो. तू म्हणालीस, "बाप्या माणूस पाणी आणून देतो. मेले, हे आधी कुठे होते?" आपण इतक्या हसलो की तुझी सून घाबरून बाहेर आली.

माझे इथले दिवस तुझ्यामुळे गेले, हे मी कबूल करते. घरात सगळे कामावर. नातवंडांना मराठी कळतं, पण बोलतात इंग्रजी. तुझा फोन आला की घर भरल्यासारखं वाटायचं. तेच तेच बोलायचो. कोण मेलं, कोणाचं दुखतंय, भेंडी कुठल्या दुकानात कोवळी मिळते.

मग तो दिवस आला. दिल्लीचे निकाल होते, गेल्या वेळचे. विलासने सुट्टी घेतली होती आणि आम्हाला सकाळीच अरादला आणलं. दिवसभर टीव्ही. आकडे वर जातात, खाली येतात, माणसं ओरडतात. तुझी नात तन्वी तुझ्या पायाशी बसली होती. तिने विचारलं, "आजी, फर्स्ट टाइम तू कोणाला व्होट केलंस?"

विलास हसायला लागला. "आजीने? आजीने व्होट पेटीवर ठेवलं. आतमध्ये नाही, वर! सुपारी ठेवून! आख्ख्या वाडीच्या बायकांना तसंच करायला लावलं."

सगळे हसले. मीही हसले, सवयीने. तू टीव्हीकडे बघत होतीस. बघत बघतच म्हणालीस, "फट दिसली होती मला."

विलास म्हणाला, "म्हणजे?"

"म्हणजे काय? डोळे होते मला. आतल्या मास्तराने बोट घालून दाखवली होती. ह्यांनी देवळात काय गाऱ्हाणं घातलं? दुसऱ्याच्या पेटीत मत पडणार नाही. नाही पडलं. खोताच्या पेटीत पडेल असं कुठे म्हटलं होतं?"

मग तन्वीने टाळ्या वाजवल्या. "ओ माय गॉड, आजी! दॅट वॉज अ प्रोटेस्ट!"

"काय म्हणते ती?" तू विचारलंस.

"म्हणते, तू लढलीस," विलास म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. "आई, बाबांना माहीत होतं?"

"मफी," तू म्हणालीस. मफी म्हणजे नाही; इथे येऊन शिकलेला तो शब्द तुला फार आवडायचा. "त्यांना कळलं असतं तर मला जिवंत ठेवली असती? मूर्ख बाईला एक थोबाडीत मिळते. शहाणीला घराबाहेर काढतात."

मुलं तुझ्याकडे बघत राहिली. तन्वीने तुझा फोटो काढला. मी उठून तुमच्या स्वयंपाकघरात गेले. तू मागून आलीस, भिंतीला धरत.

"रागावलीस?"

"मला का नाही सांगितलंस?"

"तू तुझ्या नवऱ्याला सांगितलं असतंस."

"नसतं सांगितलं."

"अठरा वर्षांची होतीस. कढी उतू गेली तरी त्याला सांगायचीस."

"आणि नंतर? इतकी वर्षं? आपले नवरे मेल्यावर?"

तू ओट्यावरच्या फडक्याची घडी घातलीस. मग म्हणालीस, "ती वाट आपलीच होती गो. आपल्या सासूच्या सासूपासून बायका तिथून पाणी आणत होत्या. आपलीच वाट आपण मत देऊन मागून घ्यायची? ज्याने बंद केली त्यालाच निवडून देऊन?"

"वाट आपली असेल, पण कळशी माझ्या डोक्यावर होती."

हे मी बोलले. तुझा चेहरा मी बघितला. मला मागे घ्यायचं नव्हतं आणि मी घेतलं नाही. मुलीचं नाव आपण दोघींनीही काढलं नाही. तिला नावच नव्हतं.

तू ओट्याला टेकलीस आणि विचारलंस, "मी त्या दिवशी काही बोलले नसते, तर तू कुठे टाकलं असतंस?"

मी चहाचे कप उचलले आणि बाहेर आले.

आक्का, तेव्हापासून मी त्याच विचारात आहे. तुझ्या घरचे तुला शूर म्हणायला लागले. मुलं जिथे तिथे सांगायला लागली, आमची आजी, आमची आजी. सगळं आयुष्य जिला गाढव म्हटलं तिला नव्वदीत मान मिळाला, मला बरं वाटायला हवं होतं. थोडं वाटलंही. भावोजी ऐकायला हवे होते असंही वाटलं. पण मला दुसरं दिसत होतं. बाप्यांनी आपल्याला न विचारता आपली मतं देवापुढे ठेवली. तूही मला न विचारता माझं मत पेटीवर ठेवायला लावलंस. मी दोन्ही वेळेला वापरली गेले. त्यांनी निदान पाणी मिळावं म्हणून वापरली.

हे कडू आहे, माहीत आहे. तू मेलीस म्हणून गोड करून लिहू काय?

आणि ती कळशी. माझी कळशी तू आणायचीस ती माया होती की भरपाई? तुला फट दिसली होती. तू सुपारी ठेवलीस म्हणून वाट बंद राहिली, वाट बंद म्हणून मी कड्यावर गेले, हे तुला नाळ कापताना माहीत होतं. मला माहीत नव्हतं. तू एकटीने ते डोक्यात ठेवलंस आणि पाणी आणत राहिलीस. रात्रंदिवस माझ्या बाजूला बसून एक अक्षर बोलली नाहीस. कधी मला वाटतं, केवढी कठीण बाई. कधी वाटतं, माझ्यासाठी दुसऱ्या कुणी एवढं ओझं उचललं नाही, पाण्याचं नाही आणि दुसरंही नाही. सकाळी एक वाटतं, दुपारी दुसरं. माझ्या वयाला एवढं उलटंसुलटं झेपत नाही.

तू पुन्हा विचारलं नाहीस. तुझा स्वभावच नव्हता, एकदा विचारायचं आणि वाट बघायची. शुक्रवारी भेटत होतो. भेंडीवर बोलत होतो. मला कळत होतं तू वाट बघते आहेस. तुलाही कळत होतं मला कळतंय. मी मुद्दाम थांबले. इतकी वर्षं तू मला थांबवलंस, थोडी तू थांब, असं मनात होतं.

मग तू पडलीस. हॉस्पिटलात मी आले तेव्हा केरळची एक नर्स तुझे केस विंचरत होती. तुला ती आवडली होती. "हिचा हात हलका आहे," तू म्हणालीस. माझ्याकडे बघितलंस. विलास खुर्चीवर, सून औषधांचं विचारत होती, तन्वी मोबाइल घेऊन दारात. मी म्हणाले, "डॉक्टर काय म्हणाले?" तू म्हणालीस, "इंशाल्ला म्हणाले. म्हणजे काही खरं नाही." सगळे हसले. मी तुझ्या पायावरचं पांघरूण नीट केलं आणि घरी आले. उद्या सांगू असं मनात होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सुनीलने मला उठवलं आणि माझ्याजवळ बसला, तेव्हाच मला कळलं.

गावी बायका मसणात जात नाहीत. इथे मी गेले. इथल्या हिंदूंची स्मशानभूमी आहे, तिथे. ऊन एवढं की चपलेतून चटका बसत होता. माणसं कमी होती, विलासच्या कामावरची काही, बाकी आपण घरचे. तन्वी रडत होती. तिने माझा हात धरला आणि मराठीत म्हणाली, "आजी किती ब्रेव्ह होती ना." मी हो म्हणाले. ते खोटं नाही. तुझ्या तोंडात पाणी घालायला मला पुढे केलं तेव्हा मात्र माझा हात थांबला. विलासला वाटलं मला चक्कर आली. चक्कर नव्हती. तेवढं पाणी घातलं आणि मागे झाले.

तर ऐक.

तू काही बोलली नसतीस तर मी माझा कागद तराजूच्या पेटीत टाकला असता. वर नाही, आत. तुला दिसली तशी फट मला दिसली असती तरी आणि गाऱ्हाणं नसतं तरी. खोत कसा होता ते मला माहीत होतं. वाट आपली होती तेही माहीत होतं. मला पाणी हवं होतं. मला सकाळी कड्याची भीती वाटायची. मी मत देऊन वाट विकत घेतली असती आणि तिच्यावरून खाली मान घालून आयुष्यभर चालले असते, आणि माझी मुलगी आज कुठेतरी म्हातारी होत असती. मला त्याची लाज वाटत नाही. तू केलंस त्याची तुलाही वाटू नये. तुझं चुकलं असं मी म्हणत नाही. बरोबर होतं असंही मी म्हणणार नाही. तू विचारलं होतंस, म्हणून सांगितलं.

पारू, गोदी, सखूमावशी, आपली धाकटी नणंद, त्यांनी काय केलं असतं ते त्यांनाही विचारायला हवं होतं. तू कुणाला विचारलं नाहीस, आणि आता विचारायला कुणी नाही. त्या दिवशी आपल्या वाडीतून ज्या बायका मत द्यायला गेल्या, त्यांच्यातली मी एकटी जिवंत आहे.